मुक्कामी गाडी बंद का होते? एसटीच्या तोट्याचं साधं गणित

गावची फेरी बंद झाली की तालुक्याच्या स्टँडवर चौकशीच्या खिडकीत तीनपैकी एक उत्तर मिळतं. "गाडी शिल्लक नाही." "ड्रायव्हर नाही." किंवा "ती फेरी परवडत नाही." गावकरी तिसरं उत्तर घेऊन घरी येतात आणि मान्यही करतात, कारण एसटी तोट्यात आहे हे लहानपणापासून ऐकलेलं असतं. आपल्या गावात माणसं कमी, गाडी रिकामी धावते, मग महामंडळ तरी काय करणार?

माझं म्हणणं असं की बहुतेक वेळा खरं कारण पहिलं असतं, गाडी नसणं, आणि तिसरं कारण त्याला जोडून दिलं जातं. गावच्या फेऱ्यांनी एसटीला बुडवलं हा समज हिशेबात फारसा टिकत नाही. एसटी दुसऱ्याच कारणांनी खोलात गेली आणि तिला वर काढायची वेळ आली की पहिली कात्री गावच्या फेरीला लागते. हे कसं घडतं ते सावकाश पाहू.

आधी तोटा केवढा आहे ते. जून २०२५ मध्ये परिवहन मंत्री प्रताप सरनाईक यांनी एसटीची श्वेतपत्रिका काढली. तिच्यानुसार संचित तोटा १० हजार ३०० कोटींच्या वर गेलेला आहे आणि गेल्या ४५ वर्षांपैकी फक्त आठ वर्षं महामंडळ नफ्यात होतं. 'संचित' म्हणजे वहीत दरवर्षी पुढे ओढलेली मागील बाकी. हा आकडा एका वर्षाचा नाही आणि तेवढे पैसे उद्या सकाळी कुणाला द्यायचेत असंही नाही. रोजच्या कामात टोचतो तो दुसरा आकडा, थकीत देण्यांचा. कर्मचाऱ्यांचा भविष्यनिर्वाह निधी, उपदान (ग्रॅच्युइटी), पुरवठादारांची बिलं असं मिळून ३ हजार कोटींच्या पुढे देणं तुंबलेलं आहे. एप्रिल २०२५ मध्ये कर्मचाऱ्यांच्या हातात मार्चचा पगार पडला तो ५६ टक्केच. संचित तोटा कागदावर राहतो, पण ५६ टक्के पगारावर घरचा हप्ता भरता येत नाही.

आता थोडा कायदा, कारण सगळा गुंता तिथून सुरू होतो. १ जून १९४८ ला पुणे ते अहमदनगर ही पहिली एसटी धावली आणि दोनच वर्षांनी, १९५० मध्ये, केंद्राने मार्ग परिवहन महामंडळ अधिनियम केला. देशातली बहुतेक राज्य परिवहन महामंडळं याच कायद्याखाली चालतात. त्याचं कलम १८ सांगतं की महामंडळाने राज्यात पुरेशी, कार्यक्षम, किफायतशीर आणि नीट जुळवलेली प्रवासी सेवा द्यावी. कलम २२ सांगतं की महामंडळाने कारभार व्यावसायिक तत्त्वांवर करावा. दोन्ही वाक्यं सुटी वाचली तर चांगलीच आहेत. पण डोंगरातल्या तीनशे उंबऱ्यांच्या वाडीला गाडी सोडायची वेळ आली की कलम १८ म्हणतं सोडा आणि कलम २२ म्हणतं हिशेब दाखवा. दोन्ही पाळायची असतील तर मधली रक्कम कुणीतरी भरली पाहिजे. किती भरायची, कधी आणि कुठल्या फेरीसाठी, याचं नेमकं उत्तर आपल्याकडे कधी लिहून ठेवलेलंच नाही. युरोपीय संघात यासाठी २००७ चा नियम आहे. तोट्याची पण गरजेची सेवा हवी असेल तर सरकारने सेवा चालवणाऱ्याशी करार करायचा, तूट किती ते ठरवायचं आणि भरून द्यायची. आपल्याकडे 'रस्ता तेथे एसटी' हे ब्रीद आहे, तसा करार मात्र नाही.

पैसा जातो कुठे? सर्वांत मोठे खर्च दोन, पगार आणि डिझेल. डिझेलच्या भावावर महामंडळाचा काही ताबा नाही. मार्च २०२२ मध्ये तर घाऊक डिझेल पंपावरच्या किरकोळ डिझेलपेक्षा लिटरमागे सुमारे २५ रुपयांनी महाग झालं होतं. मोठ्या गिऱ्हाइकाला स्वस्त मिळायच्या ऐवजी महाग! आगारात स्वतःचा पंप असताना लाल गाड्या रस्त्यावरच्या खासगी पंपांवर रांगेत उभ्या राहिल्या, त्या दिवसांतली गोष्ट.

खर्च वाढला म्हणून महामंडळाला तिकीटही मनाने वाढवता येत नाही. राज्य परिवहन प्राधिकरणाची मंजुरी लागते आणि प्रत्यक्षात सरकारची मर्जी. डिझेल, टायर, चासी, महागाई भत्ता वाढला की भाडं किती वाढवावं याचं सूत्र ठरलेलं आहे, पण ते लागू करायला मुहूर्त लागतो. ऑक्टोबर २०२१ मध्ये भाडं १७.१७ टक्क्यांनी वाढलं, त्यानंतर थेट जानेवारी २०२५ मध्ये १४.९५ टक्क्यांनी. मधल्या तीन वर्षांत निवडणुका झाल्या, कायमची भाडेवाढ झाली नाही. तीन वर्षं साचलेली वाढ एकदम अंगावर आली की प्रवासी ओरडतात, आणि त्यांचं ओरडणं चुकीचं नसतं. वर तिकिटावर १७.५ टक्के प्रवासी कर आहे, तो सरकारजमा होतो. म्हणजे एसटीच्या मदतीसाठी सरकार एका हाताने पैसे देतं आणि एसटीच्याच प्रवाशाकडून दुसऱ्या हाताने घेतं.

मग सवलती. यावर चहाच्या टपरीपासून विधिमंडळापर्यंत बोललं जातं, म्हणून जरा नीट पाहू. ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरच्या सर्वांना प्रवास मोफत झाला. मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट. विद्यार्थ्यांच्या पासात दोन तृतीयांश सवलत जुनीच आहे आणि बारावीपर्यंतच्या मुलींना पास मोफत. "फुकट वाटून एसटी बुडवली" असं म्हणणारे भेटतात. पण सवलतीचे पैसे सरकारने महामंडळाला द्यायचे असतात. ते वेळेवर आले तर सवलत हे नुकसान नाहीच. महिलांचं तिकीट अर्धं झाल्यावर गाड्या भरल्या आणि भारमान, म्हणजे गाडीतल्या एकूण जागांपैकी किती टक्के भरल्या ते, वाढलं. ऑगस्ट २०२४ या एका महिन्यात तर एसटीने जवळपास १७ कोटींचा नफा दाखवला. अडचण उशिराची आहे. वाहक आज शून्य रुपयांचं तिकीट फाडतो, डिझेल आजच जळतं, आणि त्या तिकिटाचे पैसे मंत्रालयातून कधी सुटतील ते वित्त विभाग ठरवतो. पैसे अडकले की पगार अडकतो, मग सुट्या भागांचं बिल, आणि मग गाडी डेपोत पत्र्याच्या शेडखाली टायरची वाट बघत उभी राहते. एसटीच्या मालकाकडेच एसटीची उधारी थकते, असा हा प्रकार.

त्यात दोन मोठे दणके बसले. पहिला कोविड, आणि त्याच्या मागोमाग संप. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस सुरू झालेला संप एप्रिल २०२२ पर्यंत चालला. मागणी होती महामंडळाचं राज्य शासनात विलीनीकरण करण्याची. पगारवाढ मिळाली, विलीनीकरण झालं नाही. कर्मचाऱ्यांची बाजू मला पटते. त्याच रस्त्यावर तीच जोखीम घेणाऱ्या माणसाला सरकारी चालकापेक्षा इतका कमी पगार का, याला कुणाकडे धड उत्तर नव्हतं. पण गावांच्या बाजूने बघायचं तर ते पाच-साडेपाच महिने फार महाग पडले. तेवढ्या काळात माणसांनी दुसरी सोय लावून घेतली. कुणी हप्त्यावर दुचाकी घेतली, कुणी वडापच्या, म्हणजे खासगी प्रवासी वाहतुकीच्या, जीपवाल्याशी महिन्याचा हिशेब ठरवला. संप मिटल्यावर त्यातले बरेच परत आलेच नाहीत.

आता मूळ मुद्दा, एका फेरीचा हिशेब. पुढचे आकडे समजावण्यापुरते धरलेले आहेत, कुठल्या खऱ्या आगाराचे नाहीत.

धरा, तालुक्यापासून गाव २५ किलोमीटर, जाऊन येऊन ५०. आगाराचा सगळा खर्च सगळ्या किलोमीटरवर वाटला तर किलोमीटरला ६० रुपये पडतो. यातले २५ रुपये डिझेल, ऑइल, टायर, झीज यांचे, म्हणजे चाक फिरलं तरच होणारा खर्च. उरलेले ३५ रुपये चालक-वाहकाचा पगार, वर्कशॉप, कार्यालय, स्टँडची वीज यांचे. गाडी धावो न धावो, ते लागणारच. आपल्या गावच्या फेरीचं उत्पन्न किलोमीटरला ३५ रुपये आहे. आगाराच्या तक्त्यात ही फेरी किलोमीटरला २५ रुपये तोट्याची दिसते. पन्नास किलोमीटरला साडेबाराशे. वरून आदेश येतो, तोट्याच्या फेऱ्या बंद करा.

बंद केली. काय वाचलं? फक्त चाकाचा खर्च, २५ गुणिले ५०, साडेबाराशे रुपये. काय गेलं? ३५ गुणिले ५०, साडेसतराशे रुपयांचं उत्पन्न. पगार, वीज, वर्कशॉप तसंच राहिलं. म्हणजे 'तोट्याची' फेरी बंद करून आगार रोज पाचशे रुपयांनी आणखी खड्ड्यात गेलं. वर ते ३५ रुपयांचं ओझं आता उरलेल्या फेऱ्यांवर पडतं. काल जी फेरी जेमतेम बरोबरीत होती ती आज तोट्याची दिसायला लागते. पुढच्या आढावा बैठकीत तिचं नाव यादीत येतं.

मग आगार व्यवस्थापकाला एवढं कळत नाही का? कळतं. त्याचं गणित वेगळं असतं. त्याच्याकडे गाड्या कमी असतात. तीच गाडी गावाला न पाठवता जिल्ह्याच्या गावी जलद म्हणून सोडली तर किलोमीटरला ५० रुपये आणणार असेल, तर तो ती तिकडेच लावणार. त्याच्या जागी मीही तेच केलं असतं. एसटीकडे एकेकाळी १८ हजारांवर गाड्या होत्या, त्या १५-१६ हजारांवर आल्या आणि त्यांतल्याही बऱ्याच म्हाताऱ्या. मधली कितीतरी वर्षं पुरेशी नवी खरेदीच झाली नाही. भाड्याने घ्यायच्या ५,१५० इलेक्ट्रिक गाड्यांचा करार झाला, त्या वेळेत आल्या नाहीत. २०२५ मध्ये स्वतःच्या मालकीच्या नव्या लाल गाड्या यायला लागल्या आणि दरवर्षी पाच हजार गाड्या घेण्याची घोषणाही झाली. पण आगारात नवी गाडी आली की ती आधी लांब पल्ल्याला लागते. लांब पल्ल्याची जुनी मध्यम पल्ल्याला जाते आणि गावाच्या वाट्याला सगळ्यात जुनी येते. ती घाटात बंद पडते. बंद पडली की बदली गाडी नसते, म्हणून फेरी रद्द.

हिशेबाच्या तक्त्यात आणखी दोन गोष्टी दिसत नाहीत. पहिली अशी की गावातून निघालेला माणूस बहुतेक वेळा तालुक्याला थांबत नाही. तिथून तो पुण्या-मुंबईची, लातूरची, नागपूरची गाडी धरतो. गावच्या वाहकाच्या वेबिलात (फेरीच्या तिकीटहिशेबाच्या कागदात) त्याचे पस्तीस-चाळीस रुपये दिसतात, पुढच्या गाडीच्या वेबिलात पाचशे. गावची फेरी बंद झाल्यावर तो जीपने तालुक्याला येतो आणि जीपवाला त्याला स्टँडवर सोडत नाही, बाहेरच्या चौकात खासगी ट्रॅव्हल्सपाशी सोडतो. पाचशेही गेले. हे नुकसान लांब पल्ल्याच्या खात्यात दिसतं, गावच्या फेरीशी त्याचा संबंध कुणी जोडत नाही.

दुसरी गोष्ट भारमानाची. शाळा-कॉलेजची फेरी सकाळी तालुक्याकडे येताना इतकी भरते की पोरं दारात लोंबकळतात, आणि सोडून परत जाताना गाडीत वाहक धरून चार माणसं. सरासरी काढली की निम्मं भारमान. शिवाय पोरांचे पास महिन्याच्या सुरुवातीला खिडकीवर काढलेले असतात, त्या फेरीत रोख येत नाही. कागदावर अशी फेरी नेहमी मरतुकडी दिसते, आणि ती बंद झाली की गावातल्या मुलींची दहावीनंतरची शिक्षणं आधी बंद होतात. मुलाला बाप मित्राच्या मोटरसायकलवर पाठवतो, मुलीला नाही. सरकारलाही हे ठाऊक आहे, म्हणून तर मानव विकास कार्यक्रमात मागास तालुक्यांत मुलींसाठी निळ्या गाड्या सुरू केल्या. त्या गाड्या एसटी चालवते आणि पैसे त्या कार्यक्रमातून येतात. तूट कुणी भरायची हे आधी ठरलं की सेवा कशी टिकते, याचा तो घरचाच नमुना आहे. त्याचं कौतुक फार झालं नाही.

मुक्कामी गाडीची गोष्ट तर वेगळीच. संध्याकाळी सातला गावात येणार, चालक-वाहक गाडीतच किंवा देवळाच्या ओसरीवर झोपणार, आणि सकाळी सहाला गाडी तालुक्याकडे निघणार. दवाखान्याचा पहिला नंबर, कोर्टाची तारीख, बाजाराची भाजी, कॉलेजचा सातचा तास, सगळं त्या सहाच्या गाडीवर चालतं. आगाराला ती नकोशी असते. रात्रवस्ती भत्ता द्यावा लागतो, गावात स्वच्छतागृह नसतं म्हणून कर्मचारी कुरकुरतात (रास्तच आहे), आणि गाडी रात्रभर बाहेर राहते. मग "मुक्काम बंद, सकाळी आगारातून गाडी सोडू" असा तोडगा निघतो. कागदावर फेऱ्यांची संख्या तेवढीच राहते. पण आगारातून सहाला निघालेली गाडी गावात सातला पोचते आणि तालुक्याला परत येते आठला. सातचा तास बुडाला. महिनाभराने ती गाडीही रिकामी जायला लागते आणि मग "प्रतिसाद नाही" असा शेरा बसतो.

फेरी एका दिवसात बंद होते असंही नाही. आषाढीला पंढरपूरसाठी, गणपतीत कोकणासाठी राज्यभरातल्या आगारांतून हजारो जादा गाड्या काढल्या जातात. लग्नसराईत गाडी प्रासंगिक करारावर (अख्खी भाड्याने) जाते, हिवाळ्यात शाळेच्या सहलीला, आणि एखादा सरकारी मेळावा असला की सभेला. यातली प्रत्येक गाडी कुठल्या तरी गावच्या वेळापत्रकातून उपसलेली असते. मे महिन्यात शाळा नाही म्हणून 'तात्पुरती' बंद झालेली फेरी जूनमध्ये आठवण करून दिल्याशिवाय सुरू होत नाही. अशा खाड्यांनी भरवसा जातो, आणि प्रवासी एकदा दुसरीकडे वळला की तो परत आणणं अवघड असतं. वडापवाल्यांना दोष देण्यात मला रस नाही. ते नसते तर अर्धा महाराष्ट्र घरी बसला असता. पण जीप भरल्याशिवाय निघत नाही, रात्री येत नाही, आणि म्हाताऱ्या आजीला तिच्यात फुकट बसता येत नाही.

सरळ बंदच करून टाकली तर काय होतं, हे शेजारी दिसतं. मध्य प्रदेशाने २००५ मध्ये आपलं परिवहन महामंडळ गुंडाळायचं ठरवलं. नफ्याचे रस्ते खासगी मालकांनी घेतले, बिननफ्याचे कुणीच घेतले नाहीत. वीस वर्षांनी, २०२५ मध्ये, त्याच राज्याच्या मंत्रिमंडळाला सार्वजनिक बससेवा पुन्हा उभी करायची योजना मंजूर करावी लागली. आंध्र प्रदेशाने २०२० मध्ये उलटी वाट धरली आणि महामंडळाचे कर्मचारी सरकारी सेवेत घेतले. पगाराची चिंता मिटली, पगाराचा बोजा राज्याच्या तिजोरीवर गेला. कर्नाटकाने १९९७ पासून एका महामंडळाची चार केली, बंगळूरु शहराचं वेगळं, उत्तर भागाचं वेगळं. यातला कुठलाही मार्ग फुकटचा नाही. आपल्याकडे सध्या स्टँडच्या जागा खासगी भागीदारीत विकसित करून पैसा उभा करायचं चाललंय. त्याला माझा विरोध नाही, पण मोक्याच्या जागेचं भाडं आलं म्हणून वाडीवरची गाडी आपोआप धावणार नाही. तो पैसा कुठल्या फेरीला लागणार हे कागदावर आलं पाहिजे.

खरंच न परवडणाऱ्या फेऱ्याही आहेत, हे मान्य करायला हवं. वरच्याच उदाहरणात उत्पन्न ३५ ऐवजी १५ रुपये धरा. आता चाकाचा २५ रुपयांचा खर्चही निघत नाही. किलोमीटरला १० रुपये, दिवसाला पाचशे, वर्षाचे तीनशे दिवस धरले तर दीड लाख. गाडीची किंमत आणि पगाराचा वाटा यात नाही, तो धरला तर रक्कम बरीच वाढेल. तरीही अशी फेरी चालू ठेवायला वर्षाला किती लागतं हा प्रश्न फेरीनिहाय विचारता येतो, त्याचं रुपयांत उत्तर निघतं, आणि ते उत्तर जिल्हा नियोजन समितीपुढे ठेवता येतं. आत्ता सगळ्या फेऱ्यांचा तोटा एकाच कोट्यवधीच्या आकड्यात बुडालेला असतो, त्यामुळे नेमकी कुठली गाडी किती पैशांत वाचेल हे कुणालाच दिसत नाही.

गावाला काय करता येईल? नुसतं "एसटी सुरू करा" असं निवेदन दिलं की पोच मिळते, गाडी मिळत नाही. ग्रामसभेचा ठराव जोडून आगार व्यवस्थापक आणि विभाग नियंत्रक दोघांनाही द्यावा, आणि माहिती अधिकारात चार गोष्टी मागाव्यात. त्या फेरीचं मागच्या वर्षीचं महिनावार उत्पन्न प्रति किलोमीटर, भारमान जाताना आणि येताना वेगवेगळं, किती पासधारक त्या मार्गावर आहेत, आणि फेरी किती दिवस रद्द झाली व कशामुळे. वाहकाच्या तिकीट यंत्रात तिकिटांची नोंद असते, त्यामुळे "आकडे नाहीत" हे उत्तर सहज मान्य करू नये. चौथा आकडा सगळ्यात बोलका निघतो. महिन्यातले दहा दिवस जी गाडी आलीच नाही, तिला प्रतिसाद नाही असं कुणी म्हणू लागलं तर तो कागद पुढे करता येतो. उत्तराला तीस दिवस लागतात आणि शाळा जूनमध्ये उघडतात, तेव्हा अर्ज एप्रिलमध्येच टाकलेला बरा.